अकरांत कोणाला घ्यायचं?

शाळेची इमारत, सहली, स्नेहसंमेलनं आणि छड्या यांवर या स्मरणिकेत भरपूर लेख येणार याची खात्री असल्यामुळे मी संपादक मंडळाकडून वेगळा विषय मागून घेतला. कोल्हापुरातल्या शाळेच्या स्मरणिकेत फुटबॉलवर एकही लेख नसेल, तर ती स्मरणिका दुसऱ्याच कुठल्या गावची म्हणावी लागेल. आपल्या वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतो यापेक्षा कोण कुठल्या पेठेतला, हे आधी कळायचं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावं आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. शाहू स्टेडियमवर रविवारी सामना झाला की सोमवारी मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी तोंडं उघडायची. वाद दोनच असायचे. एक, तुमची पेठ मोठी की आमची. दुसरा, हरलो ते कोणामुळे. खेळाडू तर आपल्याच गल्लीतला, त्याला कसं बोलणार? मग सगळं खापर संघ निवडणाऱ्यावर किंवा कोचवर. "याला का बसवला?", "त्याला शेवटपर्यंत का ठेवला?" या दोन प्रश्नांवर आपण शाळेची किती वर्षं घालवली याचा हिशेब गुरुजनांनी न मागितलेला बरा.

नोकरीच्या निमित्तानं माझी काही वर्षं कोलकात्यात गेली. तिथं पोचल्यावर लक्षात आलं की आपल्या मधल्या सुट्टीतला वाद त्या शहरात शंभर वर्षं चालू आहे. आपल्याकडे पेठा आहेत, तिथं मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन क्लब. तिथल्या वादाला लिखित इतिहास आहे, त्याचे निकाल लागलेले आहेत आणि त्याची किंमतही मोजली गेलेली आहे. म्हणून हा लेख कोलकात्याचा आहे. कोल्हापूर यात मधूनमधून डोकावेल, ते तुम्ही समजून घ्या.

एका खेळाडूला बसवलं आणि क्लब जन्मला

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ ची. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घराण्यांनी उभी केलेली ही संस्था. २९ जुलै १९११ रोजी या क्लबनं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला २-१ असं हरवलं. एक गोल आधी खाल्ला होता. मग कर्णधार शिबदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि अभिलाष घोष यांनी विजयी गोल केला. संघातले बहुतेक जण अनवाणी खेळत होते. ही शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. बंगालच्या फाळणीच्या चळवळीनं तापलेल्या शहरात या विजयाचा अर्थ खेळापुरता राहिला नाही. मोहन बागान सगळ्या बंगालचा क्लब झाला.

मग नऊ वर्षांनी जे घडलं ते आपल्यापैकी कोणालाही ओळखीचं वाटेल. २८ जुलै १९२० रोजी कूचबिहार चषकात मोहन बागानचा सामना जोडाबागान क्लबशी होता. जोडाबागाननं आपला बचावपटू शैलेश बोस याला अकरा जणांतून वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला खेळवावं म्हणून आग्रह धरला, पण उपयोग झाला नाही. बोस मूळचे पूर्व बंगालमधले, चौधुरीही तिकडचेच. आपल्याकडच्या माणसाला डावललं ही भावना झाली. चौधुरींनी क्लब सोडला आणि काही सहकाऱ्यांना घेऊन १ ऑगस्ट १९२० रोजी, म्हणजे चारच दिवसांत, नवा क्लब काढला. त्याचं नाव ईस्ट बंगाल.

आशियातल्या सर्वांत मोठ्या मानल्या जाणाऱ्या फुटबॉल वैराची सुरुवात "याला का बसवला?" या प्रश्नानं झाली, हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा आपला अख्खा वर्ग डोळ्यांसमोर आला. आपल्याही गावात एखाद्या पोराला संघात घेतलं नाही म्हणून कोणी पेठ सोडली, कोणी तालीम बदलली, अशा गोष्टी आपण ऐकत आलो आहोत. कोलकाता लीगमध्ये हे दोन क्लब पहिल्यांदा भिडले ते २८ मे १९२५ ला. नेपाल चक्रवर्तीच्या गोलवर ईस्ट बंगाल १-० नं जिंकला. तेव्हापासून शहर दोन भागांत बसलं, ते अजून तसंच आहे.

त्या काळात आजच्या अर्थानं कोच नव्हता. संघ निवडायचा तो क्लबच्या समितीनं. त्यामुळे टीका व्हायची ती सचिवांवर, त्यांच्या नातेवाइकांवर आणि त्यांच्या आवडीनिवडीवर. आपल्याकडे तालमीच्या ज्येष्ठांवर व्हायची, तशीच.

घोटी, बांगाल आणि पाच दाक्षिणात्य

१९४७ च्या फाळणीनं या वैराचा पोत बदलला. पूर्व बंगालमधून लाखो माणसं घरदार सोडून कोलकात्यात आली. तिथल्या मूळच्या लोकांना 'घोटी' म्हणतात, पूर्वेकडून आलेल्यांना 'बांगाल'. निर्वासितांच्या वसाहतींत राहणाऱ्या, रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपलं म्हणावं असं शहरात फारसं काही नव्हतं. क्लबचं नाव मात्र त्याच्या गेलेल्या मुलखाचं होतं. ईस्ट बंगाल जिंकला की घरी इलिश मासा आणायचा आणि मोहन बागान जिंकला की कोळंबी, असा रिवाज पडला. सामन्याच्या दिवशी बाजारातल्या माशाच्या भावावरून निकाल कळतो, असं तिथले लोक हसत सांगतात.

यातली गंमत अशी. निर्वासितांचा म्हणून ओळखला जाणारा हा क्लब त्या वर्षांत ज्यांच्या जिवावर उभा होता, ते आघाडीचे पाच जण बंगाली नव्हते. व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. पाचही दक्षिण भारतातले. कोलकात्यानं त्यांना 'पंच पांडव' म्हटलं. १९४९ साली ईस्ट बंगालनं मुंबईत येऊन रोव्हर्स चषकही जिंकला. रोव्हर्सचे सामने कूपरेजवर व्हायचे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीनं या संघांना तिथं प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. पेठेच्या अभिमानाला बाहेरचा खेळाडू चालतो, फक्त त्यानं गोल मारायला हवा, हा नियम कोलकात्यात आपल्या आधी रूढ झाला होता.

शिक्षक असलेला कोच

भारतात कोच या माणसाला मान मिळाला तो हैदराबादमुळे. सय्यद अब्दुल रहीम हे पेशानं शाळामास्तर. स्मरणिका शाळेची असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो. हैदराबाद सिटी पोलीस संघ त्यांच्या हाती आला आणि त्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स चषक जिंकला. पुढे भारतीय संघ त्यांच्याकडे गेला. १९५१ चं आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून पुन्हा आशियाई सुवर्ण, ही त्यांची कमाई. त्या वेळी त्यांना कर्करोग झाला होता. जून १९६३ मध्ये ते गेले.

जकार्ताच्या त्या अंतिम सामन्यात सगळं मैदान भारताच्या विरोधात होतं. इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना यजमानांनी येऊ दिलं नाही, त्यावर एका भारतीय क्रीडा अधिकाऱ्यानं जाहीर आक्षेप घेतला होता, त्याचा तो राग. त्या गर्दीत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू भारताच्या बाजूनं ओरडत होते, ही आठवण आपल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली. वैऱ्याबद्दलची ही एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी ती कामाला येणार आहे.

त्या सामन्यातला पहिला गोल प्रदीपकुमार बॅनर्जी यांचा होता. सगळा देश त्यांना पीके म्हणायचा.

दोन गुरू

पीकेंचा जन्म १९३६ चा, जलपाईगुडीचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीतला आपला गोल त्यांचा. फुटबॉलसाठी दिलेला पहिला अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. एवढा मोठा खेळाडू, पण मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडून तो कधीही खेळला नाही. रेल्वेत नोकरी होती, त्यामुळे ईस्टर्न रेल्वेकडून खेळला आणि १९५८ मध्ये त्या संघाला कोलकाता लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. दोन्ही क्लबांच्या समर्थकांनी पुढे आपापल्या परीनं देव्हाऱ्यात बसवलेला हा माणूस खेळाडू म्हणून दोघांचाही नव्हता.

कोच म्हणून पीके १९७२ मध्ये ईस्ट बंगालकडे आले. १९७० ते १९७५ सलग सहा वर्षं लीग ईस्ट बंगालची होती, त्यातली शेवटची चार पीकेंच्या हाताखालची. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला ५-० असं हरवलं. श्याम थापाचे त्यात दोन गोल. आणि पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, पीके मोहन बागानचे कोच झाले! आपल्याकडे एखाद्यानं असं केलं असतं तर त्याला पेठेतून चालणं मुश्कील झालं असतं. पीकेंनी मोहन बागानला १९७७ मध्ये शील्ड, रोव्हर्स आणि ड्युरँड असे तीन चषक मिळवून दिले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेले ज्यात खेळत होता त्या न्यूयॉर्क कॉसमॉसला २-२ असं रोखलं. थापाही तोवर मोहन बागानमध्ये आला होता. १९७८ च्या लीगमध्ये त्यानं जुन्या क्लबविरुद्ध हवेत उलटा होऊन मारलेला गोल अजून तिथल्या चहाच्या टपरीवर हातवारे करून दाखवला जातो.

पीकेंची ताकद बोलण्यात होती. सामन्याआधी खोलीत ते पोरांशी असं बोलायचे की साधा खेळाडूही पेटून उठायचा. वर्तमानपत्रांनी त्याला 'व्होकल टॉनिक' नाव दिलं. रहीमसाहेबांच्या हाताखाली तयार झालेला हा शिष्य. माणूस ओळखायचा, त्याच्या घरचं काय चाललंय ते माहीत असायचं आणि त्यातूनच त्याला खेळतं करायचं, ही त्यांची रीत.

दुसरे अमल दत्त, जन्म १९३०. तेही भारताकडून खेळलेले. पण त्यांना खेळापेक्षा खेळाचं शास्त्र जास्त भुरळ घालायचं. पन्नाशीच्या दशकात ते इंग्लंडला जाऊन प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करून आले. रेल्वेच्या किंवा बँकेच्या नोकरीची ऊब न घेता केवळ कोच म्हणून पोट भरायचं ठरवणारे ते आपल्या देशातले पहिले मानले जातात. प्रोजेक्टर घेऊन ते गावोगावी जायचे आणि परदेशी सामन्यांच्या फिल्म पोरांना दाखवायचे. टीव्ही घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. तबल्यावर हात चांगला आणि जीभ तिखट. पीके खेळाडूच्या मनाचा विचार करायचे, दत्त मैदानावरच्या जागेचा. कोण कुठं उभा राहणार, चेंडू गेला की रिकामी जागा कोण भरणार, हे त्यांचं रोजचं चिंतन.

आपल्या शाळेतही असे दोन प्रकारचे शिक्षक होते, हे तुम्ही मनातल्या मनात ताडून पाहिलं असेलच. एक पाठीवर हात ठेवणारे, दुसरे फळ्यावर आकृती काढून ती तीनदा पुसायला लावणारे. कोणामुळे गणित आलं, हे आपल्याला त्या वर्षी सांगता आलं नसतं.

१३ जुलै १९९७

दोघांच्या समर्थकांचा वाद पंचवीस वर्षं चालला आणि एका दुपारी त्याचा निकाल लागेल असं सगळ्यांना वाटलं. फेडरेशन चषकाचा उपांत्य सामना सॉल्ट लेक स्टेडियमवर होता. मोहन बागानचे कोच अमल दत्त, ईस्ट बंगालचे पीके.

दत्तांनी त्या मोसमात 'डायमंड' नावाची रचना आणली होती. सोपं करून सांगायचं तर मागे थोडी माणसं ठेवायची, मधल्या फळीची मांडणी हिऱ्याच्या आकारात करायची आणि चेंडू मिळाला की एकदम बरेच जण पुढे घालायचे. जमलं तर प्रतिस्पर्धी गुदमरतो. चेंडू गमावला तर मात्र आपल्या पाठीमागे मोकळं रान. उपांत्यपूर्व सामन्यात या रचनेनं गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सचा ६-० असा फडशा पाडला होता. शहरात डायमंडशिवाय दुसरा विषय नव्हता. त्यात दत्तांनी आपली जीभ मोकळी सोडली. ईस्ट बंगालच्या बायचुंग भुतियाला 'चुंग चुंग', ओमोलोला 'ऑम्लेट' आणि सोसोला 'शोशा', म्हणजे बंगालीत काकडी, अशी नावं ठेवली. पीके बाहेर गप्प राहिले. तीच नावं आपल्या खोलीत पोरांपुढं किती वेळा उच्चारायची, हे त्यांना चांगलं कळत होतं.

त्या दिवशी स्टेडियममध्ये १,३१,००० च्या वर माणसं होती. भारतातल्या कुठल्याही खेळाच्या सामन्याला जमलेल्या सर्वांत मोठ्या गर्दीत ही गणली जाते. ईस्ट बंगाल ४-१ नं जिंकला. पहिला गोल नझिमुल हकचा, मग मोहन बागानकडून चिमा ओकोरीनं एक परत केला, आणि बाकीचे तीनही बायचुंगचे. डायमंडच्या पाठीमागचं मोकळं रान त्यानं बरोबर हेरलं होतं.

सॉल्ट लेकमधून बाहेर पडणाऱ्या लाखभर माणसांनी निकाल देऊन टाकला. पीके श्रेष्ठ, दत्त बडबड्या, डायमंड म्हणजे काच.

आता पुढचं ऐका. अंतिम सामन्यात हाच ईस्ट बंगाल गोव्याच्या साळगावकर क्लबकडून २-१ असा हरला. सगळं शहर ज्या दोन माणसांवरून भांडत होतं, त्या दोघांनाही चषक मिळाला नाही. तो गोव्याला गेला. आणि १९९७-९८ च्या मोसमात राष्ट्रीय लीग कोणी जिंकली? मोहन बागाननं. त्या वेळचे कोच होते केरळचे टी. के. चातुन्नी. तेव्हा १३ जुलैच्या संध्याकाळी दिलेला निकाल वर्षभरसुद्धा टिकला नाही.

मला स्वतःला त्या ४-१ मधून दत्त नापास झालेले दिसत नाहीत. आधीच्या सामन्यात सहा गोल देणारी आणि या सामन्यात चार गोल खाणारी रचना एकच होती. फरक होता तो समोरच्या संघाच्या वेगात आणि तयारीत, आणि तो फरक पीकेंनी ओळखला हे त्यांचं मोठेपण. पण त्या उन्हाळ्यात ट्राममधला माणूस, भाजीवाला आणि कॉलेजातली पोरं संघाच्या रचनेवर बोलत होती. कोण खेळला याच्या जोडीनं कसं खेळलं याची चर्चा सामान्य माणसाच्या तोंडी आणणं हे दत्तांचं काम होतं, आणि हरूनही ते त्यांनी करून दाखवलं. दत्त १० जुलै २०१६ रोजी गेले, पीके २० मार्च २०२० रोजी. आज कोलकात्यातला जाणकार एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं घेतल्याशिवाय थांबत नाही. समर्थकांनी ज्यांना एकमेकांसमोर उभं केलं, त्यांना काळानं शेजारी बसवलं.

वादाची किंमत

इथवर वाचून कोणाला हा वाद नुसता मजेचा वाटला असेल, तर त्याची दुसरी बाजू सांगणं भाग आहे. १९७५ च्या त्या ५-० नंतर मोहन बागानच्या एका तरुण समर्थकानं आपलं आयुष्य संपवलं. एका मुलाच्या घरात तो दिवा कायमचा विझला, आणि त्याच संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या भागात इलिश शिजत होता.

त्याहून मोठा घाव १६ ऑगस्ट १९८० चा. ईडन गार्डन्सवर लीगचा सामना होता. एकाच गॅलरीत दोन्ही क्लबांचे समर्थक मिसळून बसलेले. मैदानावर धसमुसळा खेळ झाला, पंचांनी खेळाडूंना बाहेर काढलं आणि त्याची ठिणगी गॅलरीत पडली. मारामारी, दगडफेक आणि मग अरुंद जिन्यांवर चेंगराचेंगरी. सोळा माणसं गेली. बहुतेक तरुण, तिकीट काढून खेळ बघायला आलेली. त्या सामन्यात कोणाचा कोच चुकला, हे आज कोणालाही आठवत नाही आणि कोणी विचारतही नाही. दर वर्षी १६ ऑगस्टला कोलकात्यात त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान शिबिर होतं. तिथं रक्ताच्या पिशवीवर क्लबचं नाव नसतं.

धोका त्यानंतरही संपला नाही. ९ डिसेंबर २०१२ च्या सामन्यात गॅलरीतून आलेला दगड मोहन बागानच्या रहीम नबीला लागला, तो जखमी झाला आणि मोहन बागान उत्तरार्धात मैदानावर उतरलाच नाही. पुढे त्या क्लबला जबर दंड भरावा लागला.

आपल्या गावात हे सगळं परकं नाही. शाहू स्टेडियमवर हुल्लड झाली, सामना थांबला, पोलीस आत आले, असे दिवस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्याकडे कोणाचा जीव गेला नाही, एवढ्यावर आपण समाधान मानतो. पण ईडन गार्डन्सवर गेलेल्यांनीही त्या दुपारी घरून निघताना "संध्याकाळी येतो" एवढंच सांगितलं असणार.

रद्द झालेला सामना

शेवटची गोष्ट अलीकडची. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. शहर रस्त्यावर उतरलं. १८ ऑगस्टला सॉल्ट लेकवर ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल खेळणार होते. सुरक्षेचं कारण देऊन तो सामना रद्द करण्यात आला. सामना नाही, तरीही त्या दिवशी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर जमले. मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. त्या डॉक्टरला न्याय मिळावा म्हणून त्यांनी एकत्र घोषणा दिल्या आणि पोलिसांच्या लाठ्याही एकत्रच खाल्ल्या. मोहन बागानची जर्सी घातलेल्या माणसाच्या खांद्यावर ईस्ट बंगालची जर्सी घातलेला माणूस बसला आहे, असं छायाचित्र दुसऱ्या दिवशी देशभर पोचलं.

शंभर वर्षं भांडलेली माणसं एका दुपारीत एकत्र कशी आली, असं बाहेरच्यांना वाटलं. मला त्यात नवल वाटलं नाही. शंभर वर्षं भांडल्यामुळे ती एकमेकांना नीट ओळखत होती. जकार्तात भारतासाठी ओरडणारे पाकिस्तानी हॉकीपटू आठवा. समोर उभं राहणाऱ्या तगड्या प्रतिस्पर्ध्यामुळेच आपण खेळाडू होतो, हे मैदानावर उतरलेल्या माणसाला कळतं. गॅलरीतल्या माणसाला ते कळायला थोडा वेळ लागतो.

आपला हिशेब

२०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. त्या स्पर्धेचा अंतिम सामना सॉल्ट लेकवरच झाला. अनिकेत अमुक पेठेचा की तमुक, असं विचारून त्या वेळी टाळ्या वाजवायचं कोणी थांबलं नाही. म्हणजे आपल्यालाही जमतं.

कोचवर टीका करू नका, असं मी अजिबात म्हणणार नाही. तसं केलं तर आपल्या पुनर्भेटीत जेवणानंतर बोलायला विषयच उरणार नाही. फक्त एवढं सुचवतो, की त्याचा हिशेब मांडताना एका रविवारचा निकाल पुरेसा धरू नये. त्याच्या हातात कोणते खेळाडू होते, त्यानं काय करून पाहिलं, आणि तो गेल्यावर त्या पोरांत काय उरलं, हे तिन्ही विचारावं. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात.

आपले गुरुजन या स्मरणिकेचे वाचक आहेत, म्हणून हे त्यांनाही उद्देशून आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी टक्के पाहून आपल्या बॅचबद्दल आणि तिला शिकवणाऱ्यांबद्दल गावानं बरंच काही बोलून घेतलं होतं. सर, बाई, तो एका सामन्याचा निकाल होता. आता इतक्या वर्षांनी हॉलमध्ये आम्हाला समोर बसलेलं पाहून तुम्ही स्वतःच ठरवा.

आणि संयोजकांना एक विनंती. त्या दिवशी खुर्च्या मांडताना मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ मुद्दाम सरमिसळ बसवा. वाद होईल, आवाज चढतील. होऊ द्या. घरी जाताना प्रत्येक जण आपल्या गाडीवरून समोरच्याला त्याच्या पेठेपर्यंत सोडून येईल, एवढी जबाबदारी मी आपल्या बॅचतर्फे घेतो.